मांजरपाटाच्या भिंती

आमच्या घरी जीप आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. जिल्ह्यात जिकडे तिकडे विहिरी खोल करणं चाललं होतं, आणि ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, धंदा होता ऑईल इंजिनं आणि पंप विकण्याचा. विकायचे, बसवून द्यायचे, बिघडले की जाऊन दुरुस्त करायचे. महिन्यातले थोडेच दिवस ते सोलापुरात असत. बाकी कधी दुधनीकडं, कधी माळशिरसकडं. एसटी जाईल तिथपर्यंत एसटीनं, पुढं पंप बैलगाडीत घालून. मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर. घरी यायचे ते पाठभर ढेकणांच्या गांधी घेऊन.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि मामा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या. मामांनी सारं आयुष्य गिरणीत फिटर म्हणून काढलं होतं आणि आता घरी बसून त्यांचे हात शिवशिवत. मी बार्शीची, मास्तरांची मुलगी. हे फिरतीवर गेले की घरात मी आणि मामा. ते सोप्यात, मी स्वयंपाकघरात. मधे बोलायला दुसरं बाईमाणूस नाही. मामा मला 'पोरी' म्हणत, पण म्हणताना बघत दुसरीकडंच.

जीप लष्करानं मोडीत काढलेली होती. ह्यांनी ती पुण्याला लिलावात धरली आणि चालवत घरी आणली. दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पत्र्यातून खालची जमीन दिसत होती. मामा तिच्याभोवती दोनदा फिरले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "इंजिन चांगलं हाय. बाकी सगळं आपन करू."

ह्यांना मागं झोपण्यापुरती जागा हवी होती. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, एवढंच. मी ते कसंबसं बोलून दाखवलं होतं, आणि मामांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "पोरगी बी येणार म्हन्ल्यावर आत उभं ऱ्हाता आलं पायजे. दिवसभर वाकून कंबर मोडंल तिची. पन उंच बांधली तर वढ्यात कलंडंल. छत वर-खाली होनारं पायजे."

मग आमच्या दारात दोन-तीन महिने तेच चाललं. जीपचा मागचा भाग कापून हातभर लांब केला. आत दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या बसवल्या. पेट्यांत पंपाचे सुटे भाग, पान्हे, माझी भांडीकुंडी. मधे फळ्या टाकल्या की दोघांचं अंथरूण. एका कोपऱ्यात स्टोव्हसाठी पत्र्याचा कप्पा, बाहेरच्या अंगाला पाण्याचा डबा. छत पत्र्याचंच, पण ते चार पाइपांवर उभं. पाइपात पाइप सरकायचा. गिरणीच्या भंगारातल्या पुल्यांवरून तारेचा दोर घेऊन तो मागच्या बाजूला एका हँडलला गुंडाळला. बाहेर उभं राहून हँडल फिरवलं की छत कुरकुरत वर जायचं. वर गेलं की एक खटका बसायचा. खटका सोडला की छत आपल्या वजनानं खाली.

छत आणि गाडी यांच्यामधे जी पोकळी उरायची तिला चारी बाजूंनी कापड हवं होतं. मामा म्हणाले ताडपत्री. मी म्हटलं, "ताडपत्रीत भाजून निघू मामा. वारा लागणार नाही, उजेड येणार नाही. मांजरपाट लावू." शिवणाचं यंत्र माझं होतं, माहेरून आलेलं, त्यामुळं त्या एका बाबतीत माझं चाललं. मी कोरा मांजरपाट आणून दुहेरी शिवण घातली, खाली-वर पट्ट्या शिवल्या, मागं आकड्यांचं दार केलं. पहिल्यांदा छत वर गेलं आणि त्या पांढऱ्या भिंती ताणून उभ्या राहिल्या तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या. मी आत उभी राहून हात वर केले तरी छताला लागत नव्हते. इतका आनंद मला नव्या घराचाही झाला नसता.

पहिली मोठी फेरी दुधनीच्या पलीकडची ठरली. तिकडं पाटलांना इंजिन दाखवायचं होतं. हे चालवायला, मामा शेजारी, मी मागं पेटीवर. डांबरी रस्ता सोडल्यावर काळ्या रानातून गाडीवाट. ओढ्यातून जाताना पाणी फळ्यांपर्यंत आलं आणि मी दोन्ही हातांनी स्टोव्ह धरून बसले. मामा मागं वळून म्हणाले, "भिऊ नको गं, चढतीय ती."

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी पिंपळाच्या पाराजवळ लावली. मामांनी हँडल फिरवलं, छत वर गेलं आणि सगळं गाव तिथं लोटलं. तिथली माणसं कानडी बोलणारी. मामांना आणि ह्यांना कानडी घरचीच. मला त्यातलं 'बा' आणि 'होगु', म्हणजे ये आणि जा, एवढंच कळायचं. बायका मांजरपाटाला हात लावून बघत होत्या, पोरं हँडलला लोंबकळत होती. मला कुणी काही विचारलं की मी नुसती हसत होते.

दिवेलागणीला हे पाटलांकडं गेले. मी बाहेर चूल मांडून भाकऱ्या केल्या, झाकून ठेवल्या. मामा पारावर गावच्या माणसांत बसले होते. दिवसभराच्या धुळीनं माझं अंग नुसतं चरचरत होतं. न्हाणी कुठं विचारायची, कशी विचारायची? मी बादलीभर पाणी आत घेतलं, दाराचे आकडे नीट लावले, दोनदा ओढून बघितले. ह्यांची गॅसबत्ती होती, अंधार पडल्यावर इंजिन दाखवायला आणलेली. ती पंप मारून पेटवली आणि पेटीवर ठेवली. पांढरा लख्ख उजेड पडला. चारी बाजूंनी भिंती, दार बंद, आत मी एकटी. मी चोळी काढली, अंग ओल्या पंच्यानं पुसलं, केस सोडून झटकले. सावकाश, घरात असल्यासारखी.

बाहेरचा गलबला थांबला होता. ते माझ्या लक्षात आलं, पण माणसं जेवायला गेली असतील असं वाटलं. मग कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. एक म्हातारी मोठ्यानं ओरडायला लागली, "दीपा! दीपा आरसव्वा! आरस!"

मला 'दीपा' तेवढं कळलं. दिव्याबद्दल काहीतरी. मला वाटलं, बत्ती मंद झालीय, ती नवलाची बत्ती त्यांना बघायचीय. मी खाली वाकले आणि तिला आणखी पंप मारला. मग पुन्हा उभी राहिले. बाहेर एकच हलकल्लोळ झाला.

तेवढ्यात खटका सुटल्याचा आवाज आला आणि छत खाली यायला लागलं.

"मामा!" मी ओरडले. "मामा, छत निसटलं! धरा, धरा!"

छत थांबलं नाही. कुरकुरत माझ्या डोक्याशी आलं. मी दोन्ही हात लावून ते वर ढकलत होते आणि मामांना हाका मारत होते. ते माझ्यापासून चार हातांवर, कापडाच्या पलीकडं उभे होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी ओ दिली नाही. मी खाली बसले, कोपर बत्तीला लागलं, काच फुटली आणि अंधार झाला. मग मामांचा आवाज आला, पण माझ्याशी नाही. ते कानडीत लोकांवर ओरडत होते. इतक्या मोठ्या आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. पावलं पांगली.

अंधारात मी चाचपडत लुगडं गुंडाळलं. मला अजून काहीच कळलं नव्हतं. मी मनात छताला, पुल्यांना शिव्या देत होते. थोड्या वेळानं दार हललं. मी आकडे काढले. मघाची म्हातारी होती, हातात कंदील. तिनं काही सांगायचा प्रयत्न केला, मला कळेना. तेव्हा ती आत वाकली, खाली आलेल्या मांजरपाटाची एक घडी ओढून ताणून धरली, कंदील मागं ठेवला आणि त्याच्यापुढं आपला हात धरला. कापडावर हाताची काळी सावली पडली. पाची बोटं, बोटातली अंगठी, मनगटावरच्या बांगड्या, सगळं स्पष्ट.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

मी किती वेळ उभी होते, कशी वळले, कुठं वाकले, सगळं मला एकदम आठवायला लागलं. आणि म्हातारी दिवा विझव म्हणून ओरडत असताना मी बत्तीला मारलेला तो पंप. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. ती कंदील ठेवून गेली. मी तो लगेच विझवला.

हे पाटलांकडून आले ते हसतच. वाटेतच कुणीतरी सांगितलं असणार. दाराशी वाकून म्हणाले, "अगं, आता आपल्याला जाहिरात करायला नको. पाटील इंजिन घेणार म्हणतोय."

मी म्हटलं, "मला घरी पोचवा."

"उद्या सौदा पक्का व्हायचाय. एक दिवस कळ काढ की. सावलीच होती ना? सावलीला काय झालंय?"

भाकऱ्या तशाच राहिल्या. मामा पारावर घोंगडं टाकून आमच्याकडं पाठ करून झोपले होते. झोपले नव्हते, पडले होते.

सकाळी पाण्याला जायचं धाडस मला झालं नाही. पारावरचा एक तरणा पोरगा माझ्याकडं बघून हवेत हँडल फिरवल्यासारखं करत होता, आणि बाकीचे तोंडावर हात धरत होते. मामांनी ते बघितलं. ते ह्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हिला मी सोडतो. तू तुजा सौदा कर."

एका बैलगाडीतून आम्ही दुधनी स्टेशनवर आलो. मी पदर कपाळाखाली ओढून बसले होते. सोलापूरच्या गाडीला अवकाश होता. फलाटावर एकच बाक. मी एका टोकाला बसले, मामा दुसऱ्या टोकाला, मधे पिशवी. त्यांनी कुठूनतरी चहा आणून पिशवीजवळ ठेवला. पुष्कळ वेळानं ते रुळांकडं बघत बोलायला लागले.

"पोरी, मी हाक मारायला पायजे हुतं."

मी पदर आणखी खाली ओढला.

"दिवा इझव, एवढंच म्हनायचं हुतं. तोंडाशी आलं हुतं. पन तसं म्हन्लं असतं तर मी बी बघितलं असं झालं असतं. मग तुला घरात माज्याफुडं कसं वावरता आलं असतं? म्हनून खटका सोडला. म्हन्लं, तुला वाटंल आपोआप पडलं."

"मला तसंच वाटलं, मामा."

"तू हाका मारत हुतीस. मला ओ देता येईना."

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग म्हणाले, "मी वर न्हाय बघितलं. लोकांची तोंडं बघितली फक्त. त्यावरनं वळखलं."

खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, मला कळलं नाही. मला ते विचारताही आलं नसतं. मी चहा उचलून प्याले. निवून गेला होता. मी पूर्ण प्याले, कारण तेवढंच मला त्यांच्यासाठी करता येत होतं.

हे परत येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. एवढंसं घर, आणि दोघंही एकमेकांना चुकवत होतो. मामांनी खाट अंगणात नेली. जेवायला वाढलं की ताट घेऊन सोप्याच्या पायरीवर जायचे. शेजारीण म्हणाली, "काय गं, सासऱ्याशी भांडलीस का काय?" मी म्हटलं, आत उकडतं त्यांना. मी आंघोळ केली तरी न्हाणीतला दिवा लावत नव्हते. अंगावरून माझाच हात फिरला तरी मला कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

हे आले. इंजिन खपलं होतं. मी त्यांना सांगितलं, मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मामांनी कुणाला न विचारता मांजरपाट उसवून काढला आणि जाड हिरवी ताडपत्री लावली. तो सगळा गठ्ठा त्यांनी कुठं नेला कुणास ठाऊक. मी शिवलेलं होतं, पण मीही विचारलं नाही.

पाऊस होऊन गेल्यावर ह्यांनी पुन्हा गळ घातली. माळशिरसकडं चल म्हणाले, तिकडं आपली मराठी माणसं, उसाचा हिरवागार मुलूख. मी नको म्हणत होते, पण मामांबरोबर घरात राहणं त्याहून अवघड झालं होतं, आणि मामांनाही ते तसंच होत असणार. ते म्हणाले, "जा की. मी हाय हितं. माजे गुडघे दुकत्यात." तेव्हा मी गेले. रात्री छत वर केलं तरी दिवा लावू दिला नाही. हे चिडले नाहीत. अंधारात चाचपडत जेवले. मला वाटलं, त्यांना समजलंय.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही एका वस्तीवर थांबलो. शेतकरी ओळखीचा, ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. हे त्याच्याबरोबर विहिरीवर गेले आणि त्याच्या बायकोनं मला ओट्यावर बसवून चहा दिला. माझ्याच वयाची, मोकळ्या तोंडाची. गाडीकडं बघत म्हणाली, "हीच व्हय ती वर होनारी गाडी?" मग पदर तोंडाला लावून हसली. "ते दुधनीकडलं तुमचंच काय वो? बत्तीला पंप मारल्यालं?"

मी कप ओट्यावर ठेवला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साहेबांनीच की. मागल्या बारीला आलते तवा. लई रंगवून सांगत्यात. आमचं मालक हसून हसून लोळलं." मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. "रागावला का काय? मला वाटलं, तुमी बी हसत असाल."

मी उठून गाडीत जाऊन बसले. हे आले ते हात पुसत, खुशीत. मी दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुम्ही कुठं कुठं सांगितलंत?"

त्यांना लगेच कळलं. "अगं, गिऱ्हाईकाशी चार गमतीच्या गोष्टी बोलाव्याच लागतात. गाडी बघितली की लोक विचारतात. नाव थोडंच घेतलं तुझं?"

"तुम्ही तिथं नव्हता," मी म्हटलं. "पाटलांकडं होता. मग मी कशी दिसत होते ते तुम्हाला काय माहीत? काय रंगवून सांगता तुम्ही?"

"गावातल्यांनी सांगितलं."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत. बसून."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. लग्न झाल्यापासून इतका वेळ सरळ त्यांच्या तोंडाकडं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी खाली बघितलं, एक पान्हा उचलला, पुसला, पेटीत ठेवला. मग पुन्हा तोच काढून पुसला.

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

पुढची गावं त्यांनी सोडून दिली. आम्ही निघालो. वाटेत एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाले, "परत नाही सांगणार." मी मान हलवली. ते त्यांनी पाळलं. पण गोष्ट गावोगावी आधीच जाऊन बसली होती. तिला आता त्यांची गरज नव्हती. पुढं जीप विकली, ह्यांनी सोलापुरातच पंपाच्या भागांचं दुकान टाकलं, तरी कधी कधी एखादं खेडवळ गिऱ्हाईक दुकानात ह्यांच्याकडं बघून हसायचं आणि विचारायचं, "वर होनारी गाडी तुमचीच न्हवं का?" मी दुकानात असले तर मागं जायची. हे हिशेब करत असल्यासारखं करायचे.

पण त्या दिवशीचं राहिलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा मामा अंगणात होते. इतक्या लवकर परतलेलं बघून ते उभे राहिले. "का रं? काय झालं?"

हे सरळ आत गेले. मामा माझ्याकडं वळले. खरं सांगितलं असतं तर ते सगळं त्यांच्यापुढं पुन्हा उभं करावं लागलं असतं, आणि त्यात आपला मुलगाही त्यांना बघावा लागला असता. मी म्हटलं, "इंजिन तापत होतं, मामा. जास्त."

"इंजिन?" ते म्हणाले. ह्या जीपचा प्रत्येक नट त्यांनी स्वतः पिळला होता. त्यांनी एकदा आतल्या दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

सकाळी मी अंगण झाडायला गेले तर मामांनी जीपचं बॉनेट उघडलं होतं. रात्रभर गाडी उभी, सगळं थंडगार. त्यांनी आत वाकून इंजिनवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच धरला.

"व्हय की," ते म्हणाले, "लई तापलंय." आणि बॉनेट हळूच बंद केलं. मग मी केरसुणी ठेवून त्यांना चहा दिला, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ते आत येऊन, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून प्याले.